व्हेस्ट्रीतली दुसरी खुर्ची

साहेब, अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर तुम्ही बसच्या टपावर चढवून दिलेली ती वेताची खुर्ची अजून माझ्याकडे आहे. बरीच वर्षं तिच्यावर प्रिंटर ठेवलेला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

मला पत्रं लिहायची सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. वर्षाचा अहवाल, एखादा अर्ज, प्रवचनाची टिपणं, एवढंच माझं लिहिणं. तुमच्या हाताखाली उमेदवार पाळक म्हणून अकोल्याला आलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. तुम्ही देवाघरी गेलात त्यालाच आता वीस वर्षं होऊन गेली. अमरावतीचं चर्च माझ्याकडे आहे, बडनेऱ्याची लहान मंडळीही माझ्याकडेच. लोक मला पास्टर म्हणतात. तुमच्या वेळी सगळे पाळकसाहेब म्हणत, आणि मी नुसतं साहेब म्हणायचो. तो शब्द आता आमच्यात मागे पडला, पण तुमच्यासाठी दुसरा शब्द मला येत नाही.

तुमचा दिवस मला अजून पाठ आहे. साडेआठपासून व्हरांड्यात माणसं बसलेली. कोणाला मुलीच्या शाळेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा, कोणाचा भाऊ दारू पिऊन घरात भांडतो, कोणी नागपूरला नर्सिंगला निघालं म्हणून चांगल्या वर्तनाचं पत्र मागायला आलेलं. मग मिशनच्या दवाखान्यात एक फेरी. कोणी गेलं असेल तर कबर खणून झाली का ते स्वतः जाऊन पाहायचं, कारण खणणारा माणूस तुम्ही समोर उभे राहिल्याशिवाय हात चालवत नसे. कमिटीतले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांचे निरोप इकडून तिकडे तुम्हीच न्यायचात. आणि या सगळ्याच्या मधोमध, बरोबर अकरा वाजता, हातातलं काम असेल तिथे ठेवून तुम्ही चर्चच्या बाजूच्या त्या लहान खोलीत, व्हेस्ट्रीत, जायचात. टायरच्या तळाच्या काळ्या चपला दाराबाहेर काढायचात, दार लोटून घ्यायचात आणि पावणेबारापर्यंत बाहेर येत नव्हता. फाटकातून आत येणारा माणूस आधी तिकडे पाहायचा. चपला दिसल्या की आवाज खाली यायचा. सायकलवरून दूध देणारासुद्धा घंटी वाजवत नसे.

मी एकदा विचारलं होतं की साहेब, ही तर अगदी कामाची वेळ. सकाळी लवकर उठून प्रार्थना केली तर हा पाऊण तास मोकळा होईल. तुम्ही दाखल्यावर सही करत होता. मान वर न करता म्हणालात, ‘सकायी करतोच ना बाबू. ते माह्यासाठी. अकरा वाजता लोकं येतात, तरास अकरा वाजता येते. मंग देव अकरा वाजताच लागन ना?’ मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मी उत्साही होतो, आणि उत्साही माणसाला वाटतं की प्रार्थना म्हणजे काही तरी उंच आवाजात, मोठ्या शब्दांत करायची गोष्ट. तुमचा आवाजच येत नसे. एकदा मी काही कागद न्यायला दार थोडं उघडलं तर तुम्ही खुर्चीत हनुवटी छातीला लावून चक्क घोरत होता. पावणेबाराला बाहेर आलात तेव्हा माझ्या तोंडावरून तुम्हाला कळलं. म्हणालात, ‘लागला डोळा. त्याच्याच समोर लागला, परका थोडीच हाय तो.’ आणि चपला घालून कबर पाहायला निघून गेलात.

मग बार्शीटाकळीची ती म्हातारी. तिचं मी तुमच्याकडे कधी काढलं नाही, तुम्हीही काढलं नाही. एप्रिल महिना होता. ती साडेअकराला आली, डोक्यावर पदर, हातात पिशवी, एका डोळ्यात मोतीबिंदूचा पांढरा डाग. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी तुमच्याकडून प्रार्थना करून घ्यायची होती. मी व्हरांड्यातच टेबल टाकून बसलो होतो आणि मला वाटत होतं की माझं काम राखणीचं आहे. मी तिला चपला दाखवल्या. म्हटलं, आजी, साहेब प्रार्थनेत आहेत, मग दवाखान्यात जातील, एक वाजता या. ती बरं म्हणाली आणि गेली. तिची परतीची बस साडेबाराची होती. तिनं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तुम्ही बाहेर आल्यावर मी सहज सांगितलं, जसा दिवसाचा हिशोब देतात तसं. तुम्ही टोपी घेतलीत, म्हणालात, ‘चाल.’ दुपारच्या बसमध्ये आपण दोघं उभे होतो, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तुम्ही सगळ्या रस्त्यात खिडकीबाहेर पाहत होता. तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती अंगणात बाजेवर बसली होती. तुम्ही तिला सलाम केलात आणि मला पुढे ढकललंत. ‘तू सांग आजीले, काहून वापस पाठवलं ते.’ मी काय सांगणार? पुटपुटलो काही तरी. ती हसायलाच लागली. ‘अरे बाप्पा, त्या पोराले काहून रागावता? मीच म्हटलं, देवासंग बोलून राहिले साहेब, मधात काहून तोंड घाला.’ तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत, चार वाक्यांची. तिनं आपल्याला कैरीचं पन्हं दिलं. परतताना स्टँडच्या बाकावर बसून तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात. ‘चपला मी बाहेर काहून ठेवतो, तुले काय वाटते?’ मी म्हटलं, कोणी मध्ये येऊ नये म्हणून. तुम्ही कपाळाला हात लावलात. ‘अरे, मी आत हाय हे लोकायले समजावं मनून ठेवतो. दिवसभर मी कोठी सापडतो सांग बरं? दवाखान्यात, मयतीत, कमिटीत. एक त्या पाऊण तासात सापडतो. अन् तूच दारात बसून लोकं हाकलून राहिला.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरातली एक वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन आलात आणि व्हेस्ट्रीत तुमच्या खुर्चीसमोर ठेवलीत. मला सांगितलंत की अकरा ते पावणेबारा जो येईल त्याला आत पाठवायचं, फक्त बोलायचं नाही असं सांगायचं. येऊन बसायचं. तुमची प्रार्थना चालू, त्याचीही चालू. पावणेबाराला काय सांगायचं ते सांगायचं. सुरुवातीला लोक बिचकत होते. नंतर असं झालं की काहींना सांगायचं काही नसे, ते नुसते बसून जायचे. मिशनच्या दवाखान्यातली एक म्हातारी नर्स दर मंगळवारी यायची आणि जाताना व्हरांड्यात मला म्हणायची, ‘आज साहेबापेक्षा माही प्रार्थना चांगली झाली, ते घोरत होते.’

अमरावतीला माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा तुम्ही स्टँडवर तीच खुर्ची घेऊन आलात. मी नको नको म्हणत होतो. कंडक्टर म्हणाला, ‘ओ साहेब, खुर्चीचं तिकीट काढलं का?’ तुम्ही शिडीवर उभे राहून सुतळी आवळत होता. वरूनच म्हणालात, ‘रिकामी हाय ना भाऊ. बसनारा भेटला का काढतो.’ सगळी बस हसली. मी मान खाली घातली होती. पाळकानं बसच्या टपावर चढून सुतळी बांधावी याची मला तेव्हा लाज वाटली. ही पण एक गोष्ट सांगायची राहिली होती.

अमरावतीला मी तुमची वेळ चालू ठेवली, अकरा ते पावणेबारा. चपलाही बाहेर ठेवू लागलो. इथली व्हेस्ट्री मोठी आहे, पुढे व्हरांड्यात उघडणारं एक दार आणि मागे कडुनिंबाखाली, जिथे माझी स्कूटर असते, तिथे उघडणारं दुसरं. पहिली काही वर्षं खुर्ची समोर होती आणि लोक येतही होते. मग ते कमी झालं का मी केलं, ते आता सांगता येत नाही. कोणी समोर बसलं की मला डोळे मिटून बसायची लाज वाटायची. वाटायचं, काही बोलायला हवं. लोकांना कळलं की पास्टरला एकट्यानं बसणं आवडतं. इथली माणसं समजूतदार आहेत. कोणीच आत येईना. खुर्ची भिंतीला लागली. कॉम्प्युटर आला तेव्हा प्रिंटर ठेवायला तीच जागा होती.

कामही वाढलं, साहेब. तुमच्या वेळी माणूस चालत यायचा, आता फोन येतो. ग्रुपवर सकाळपासून प्रार्थनेच्या विनंत्या येतात, कोणाची शुगर, कोणाची मुलाखत, कोणाचा व्हिसा, आणि मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवतो. चित्र पाठवलं की प्रार्थना केल्यासारखं वाटतं, हा त्यातला धोका. वरच्या कार्यालयाची माहिती ऑनलाइन भरायची असते. ती मी अकरा वाजता भरू लागलो, कारण त्या वेळात कोणी हाक मारत नाही. मग एकदा एका कमिटीवाल्यानं महानगरपालिकेतून तातडीनं बोलावलं. पुढे व्हरांड्यात चार माणसं दाखल्यासाठी उभी होती, त्यांना तोंड द्यायला नको म्हणून मी टेबलाखालचे बूट घातले आणि मागच्या दारानं निघून गेलो. चपला पुढे तशाच राहिल्या. परत आलो तर चौघंही शांतपणे बसून होती. कोणी कुरकूर केली नाही. उलट एक जण म्हणाला, ‘पास्टर, तुमी बसता तवा आमालेही बरं वाटते.’ मला कळायला हवं होतं. मला फक्त एवढंच कळलं की असं करता येतं.

त्यानंतर ते आठवड्यातून एकदा, मग दोनदा. कधी चहा प्यायला, कधी नुसता स्कूटरवर बाहेर. खोटं बोललो नाही कोणाशी. कोणी विचारलंच नाही. चपला बोलत होत्या.

बडनेऱ्याला रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. वर्षभर आजारी, शेवटचे तीन महिने घरीच पलंगावर. मी पंधरा दिवसांतून एकदा जायचो. जानेवारीतली गोष्ट. त्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलची काच फुटून फोन बंद पडला होता, म्हणून अकरा वाजता चपला बाहेर ठेवून मी मागच्या दारानं गेलो आणि दुकानात काच बदलायला फोन दिला. दुकानदारानं वीस मिनिटं सांगितली, लागला तासभर. मी तिथल्या स्टुलावर बसून रस्त्यावरची रहदारी पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं, कारण तासभर कोणाचाही फोन येऊ शकत नव्हता. सव्वाबाराला परत आलो, मागून आत शिरलो, बूट काढले आणि पुढचं दार उघडलं. पायरीवर काकांची बायको बसली होती. शाल डोक्यावरून घेतलेली. माझ्या चपला तिच्या बाजूला जोडीनं, अगदी नीट लावून ठेवलेल्या. ती उठली आणि म्हणाली, ‘आज लय वेळ प्रार्थना केली पास्टर.’

मी हो म्हणालो.

एवढाच शब्द, साहेब. मी त्याआधी आणि त्यानंतर हजार वेळा हो म्हटलं असेन. ती म्हणाली, ‘सकायपासून म्हणून राहिले, पास्टरले बोलाव, पास्टरले बोलाव. फोन लावला तं बंद. म्हटलं अकरा वाजत आले, बसतीनच आता. मंग आटोनंच आली.’ ती सव्वाअकरापासून बसली होती. मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि बडनेऱ्याला नेलं. सून दारातच उभी होती. काका पावणेबाराच्या सुमारास गेले होते. त्यांना मला काय सांगायचं होतं ते कोणालाच माहीत नाही. सून म्हणाली की शेवटी ते दाराकडे पाहत होते.

दफन दुसऱ्या दिवशी झालं. मी सगळं रीतीप्रमाणे केलं. कबरीवर माती टाकून झाल्यावर मावशी, तिला मी मावशी म्हणतो, आलेल्या बायकांना सांगत होती, ‘माह्या माणसाचा जीव गेला तवा पास्टर त्याच्यासाठीच बसले होते. मी दारातच होती ना.’ बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला असणार.

महिन्यानं घरी स्मरणाची उपासना ठेवली होती. चार दिवस आधी मावशीचा फोन आला. तिला त्या दिवशी साक्ष द्यायची होती, सगळ्यांसमोर उभं राहून देवानं काय केलं ते सांगायचं होतं. ‘लिहून काढली पास्टर. वाचून दाखवू?’ आणि ती वाचू लागली. आजारपण, दवाखाना, सुनेनं केलेली सेवा. मग ते आलंच. देवाच्या सेवकाच्या चपला मी डोळ्यांनी पाहिल्या, असं तिनं लिहिलं होतं. माझ्या नवऱ्याला प्रार्थनेच्या हातांवरून नेलं, मी त्याची साक्षीदार आहे. ‘बराबर हाय का? काही चुकलं तं सांगा.’ मी म्हटलं, चांगलं आहे. फोन ठेवला आणि त्या नव्या काचेकडे पाहत बसलो.

दोन दिवस मी स्वतःला समजावत होतो. तिला त्यातून धीर मिळतोय, तो मी का काढून घ्यावा? माझ्या मनावरचा भार हलका करायला एका विधवेच्या डोक्यावर नवा भार ठेवायचा, हे कुठलं पाळकपण? हे सगळं खरंही होतं. मी हेच दुसऱ्या कोणाला सल्ला म्हणून दिलं असतं. पण अकरा वाजता चपला बाहेर ठेवून मी आत बसलो, खरोखर बसलो, तेव्हा प्रार्थना काही होईना. मला फक्त बार्शीटाकळीचं अंगण दिसत होतं आणि पाठीवर तुमचा हात. तू सांग आजीले.

शुक्रवारी दुपारी बडनेऱ्याला गेलो. मावशी स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ‘या पास्टर, बसा. दाणे काढून राहिली, उद्या आमटी करतो.’ मी समोर बसलो आणि मीही शेंगा घेतल्या, हाताला काही तरी हवं होतं म्हणून. म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी आत नव्हतो.

‘कोठी आत?’

व्हेस्ट्रीत. चपला होत्या. मी मागच्या दारानं बाहेर गेलो होतो.

तिनं हात थांबवला नाही. ‘कोनाच्या मयतीले?’

नाही.

‘दवाखान्यात?’

साहेब, ती मला वाट काढून देत होती. मी म्हटलं, नाही मावशी, मोबाइलची काच फुटली होती, ती बसवायला.

आता तिचा हात थांबला. ‘बसली का?’

मी हो म्हटलं.

‘दाखवा.’

मी फोन दिला. तिनं पदराला हात पुसले, फोन घेतला, उजेडाकडे धरला, काचेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. ‘चांगली बसली.’ पुन्हा शेंगा सोलू लागली. मला वाटलं आता ती रडेल किंवा ओरडेल, आणि मला त्यातलं काहीही चाललं असतं. वाटीभर दाणे झाल्यावर ती म्हणाली, ‘तुमची एक चप्पल उलटी पडेल होती. मी नीट करून ठेवली.’ मग एक शेंग मोडत, ‘मी दार ढकलून आत आली असती तं?’

मी म्हटलं, तर खोली रिकामी दिसली असती.

‘मंग मी वापस आली असती. त्याच आटोनं. आटोवाला फाटकातच होता, बिडी पीत.’ तिनं बोटांवर मोजलं. ‘साडेअकराले घरी आली असती. त्याच्याजवळ बसली असती ना मी.’

साहेब, मी महिनाभर एकच चूक उगाळत होतो, की मी वेळेवर पोचलो नाही. खरी गोष्ट मला तिथं, त्या स्वयंपाकघरात, तिच्या तोंडून कळली. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला शेवटचं पाणी पाजायचं सोडून ती एका रिकाम्या खोलीची राखण करत बसली होती, आणि ती खोली भरलेली आहे असं तिला माझ्या चपलांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, मावशी, मला माफ कर. तिनं टरफलं एका बाजूला सारली. सून चहा घेऊन आली. मावशी तिला म्हणाली, ‘पास्टरले साखर कमी लागते, मांगच्या वेळी लय गोड केला होता.’ मी चहा प्यालो. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘साक्षीचं मी पाहीन. तुमी तुमचं प्रवचन पाहा.’

उपासनेला तीस-पस्तीस माणसं होती, अंगणात मंडप टाकला होता. गीत झालं, शास्त्रभाग झाला. मावशी उठली. तिच्या हातात कागद होता, तो तिनं उघडला नाही. म्हणाली, ‘माहा माणूस गेला तवा मी घरी नव्हती. चर्चच्या पायरीवर बसेल होती. दार नुसतं लोटेल होतं, कडी नव्हती. पण मी ठोठावलं नाही. मले वाटलं, मधात काहून जा. तर माही साक्ष एवढीच हाय का तुमी ठोठावत जा. पास्टर असो का नसो, तुमी दार ढकलून पाहत जा.’ आणि खाली बसली. काहींना ते देवाच्या दाराबद्दल वाटलं, त्यांनी आमेन म्हटलं. माझ्यापुरतं ते कडुनिंबाखालच्या दाराबद्दल होतं. त्यानंतर माझी पाळी होती. मी तयार केलेलं प्रवचन केलं. उभं राहून सगळं सांगून टाकावं असं दोनदा तोंडापर्यंत आलं, पण बाहेर पडलं नाही. तिनं मला झाकलं आणि मी झाकून घेतलं.

पुढच्या रविवारी मात्र मी जाहीर केलं की अकरा ते पावणेबारा मी आत असेन, दार नुसतं लोटलेलं असेल, कोणीही येऊन बसावं. प्रिंटर जमिनीवर आला. खुर्चीच्या बैठकीचा वेत दोन ठिकाणी तुटला होता, तो विणून घेतला. मागच्या दाराला कुलूप लावून किल्ली चर्चच्या राखणदाराकडे दिली. त्यानं विचारलं, ‘काहून पास्टर, चोरी-बिरी झाली का?’ मी म्हटलं, तसंच समज.

तुम्ही गेलात तेव्हाचं आठवतं. बातमी कळून मी अमरावतीहून निघेपर्यंत उशीर झाला होता. तुमच्या घरी पोचलो तर दार लोटलेलं आणि बाहेर तुमच्या चपला, कोणी उचललेल्या नव्हत्या. मी तिथे थांबलो, साहेब. आत तुम्हाला पेटीत ठेवलेलं होतं आणि मी दाराबाहेर चपलांकडे पाहत उभा, ठोठावू की नको. एवढं सांगून, एवढ्या उन्हात बार्शीटाकळीला नेऊनही मी शिकलो नव्हतो.

इथपर्यंत मी सकाळी घरी आणि मग अकरा वाजता व्हेस्ट्रीत बसून लिहिलं. पुढचं आता दुपारी, घरी लिहितोय. कारण तेवढ्यात दार ढकलल्याचा आवाज आला. गेल्या दीड महिन्यात दोन-चार जण येऊन गेले होते, पण मावशी आली नव्हती, आणि ती येईल असं मी धरलंही नव्हतं. तिनं माझ्या चपलांच्या बाजूला स्वतःच्या काढल्या, आत आली, खुर्ची हातानं दाबून पाहिली आणि बसली. डोळे मिटले. मी पेन तसंच धरून होतो. तिला वाटेल मी प्रवचनाची टिपणं काढतोय, म्हणून मी कागदावर थोडा हात ठेवला. थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला.

‘प्रार्थना करून राहिले का लिहून राहिले?’

मी म्हटलं, ‘लिहून राहिलो मावशी.’

‘मंग ठेवा ते,’ ती म्हणाली आणि डोळा मिटला. मी पेन ठेवलं.